आरेचे तबेले, हायवे आणि भिंतीवरचं मॉस: हवेतल्या नायट्रोजनचं एक प्रकरण

पावसाळ्यात मुंबईवर वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. गोरेगावला तो आधी वेस्टर्न एक्सप्रेस हायवे ओलांडतो, मग आरेतल्या तबेल्यांवरून जातो आणि पुढे विहार तलाव व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे सरकतो. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवायचे म्हणून १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. तीसेक तबेले आणि सुमारे १६ हजार जनावरं अशी तिची मांडणी होती. तेव्हा गावाबाहेरची असलेली ही जागा आज शहराच्या पोटात आहे. हायवेवरून नायट्रोजनची ऑक्साइडं येतात, तबेल्यांतल्या शेणा-मुतातून अमोनिया उठतो आणि या दोन्हींच्या वाऱ्याखाली पिण्याच्या पाण्याचा तलाव आणि जंगलाचा काठ आहे.

प्रश्न असा की जंगलाच्या काठावर जो नायट्रोजन पडतो त्यात हायवेचा हात मोठा की तबेल्यांचा, आणि हे भिंतींवर आपोआप उगवणाऱ्या मॉसवरून, म्हणजे पावसाळ्यातल्या त्या बुटक्या, झुबक्यांनी वाढणाऱ्या हिरव्या वनस्पतीवरून, सांगता येईल का? आधीच सांगून टाकायचं तर, कुठे जास्त पडतो आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे मॉस बऱ्यापैकी सांगतं. हेक्टरी किती किलो पडतो हे मुंबईत त्याच्याकडून वदवून घेता येत नाही. आणि सगळ्यात मोठी फसवणूक हवा करत नाही, भिंत करते. म्हणून या प्रकरणात भिंतीवर जास्त लिहिलं आहे.

मॉसला खरी मुळं नसतात आणि पानांवर जाड मेणाचा थर नसतो. पान बहुतेक जागी एका पेशीच्या जाडीचं असतं. पाऊस, धुकं, धूळ आणि वायू यांतून जे अंगावर पडेल त्यावर ते वाढतं. हेच हेरून १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये आके र्‍यूलिंग आणि गेर्मुंड ट्यूलर यांनी जड धातू मोजायला मॉस वापरलं. १९९० पासून युरोपात दर पाच वर्षांनी मॉसचं सर्वेक्षण होतं आणि २००५-०६ च्या फेरीपासून त्यात नायट्रोजनही आला. त्या फेरीत १६ देशांतल्या जवळपास ३ हजार ठिकाणांहून नमुने घेतले गेले. अमेरिकेत पोर्टलंडमध्ये २०१३ साली झाडांवरच्या मॉसचे ३४६ नमुने तपासले, तेव्हा रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांभोवतीचं कॅडमियम नकाशावर उठून दिसलं. सरकारी मापनकेंद्रं तिथेही होती, पण ती विरळ होती. मॉसचा खरा फायदा हाच आहे. एका स्वयंचलित यंत्राच्या खर्चात शेकडो ठिकाणं पाहून होतात.

मुंबईत मात्र युरोपची पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. तिथली गालिच्यासारखी पसरणारी जंगली मॉसं इथे नाहीत. तिथे तीन वर्षांची वाढ एकत्र तपासतात. इथलं भिंतीवरचं मॉस जूनमध्ये जागं होतं, ऑक्टोबरनंतर सुकून तपकिरी पडतं आणि वर्षाची वाढ वेगळी ओळखू येत नाही. तिथला नियम मोठ्या रस्त्यापासून ३०० मीटर आणि घरांपासून १०० मीटर दूर जाऊन नमुना घ्यायचा असा आहे, कारण त्यांना सगळ्या प्रदेशाची सरासरी हवी असते. आपल्याला स्रोत शोधायचा आहे, त्यामुळे रस्त्याला आणि तबेल्याला चिकटूनच सुरुवात करावी लागते.

दुसरी अडचण पावसाची. हेक्टरभर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. त्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम नायट्रोजन असेल तर दर मिलिमीटरमागे हेक्टरी १० ग्रॅम पडला. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. म्हणजे याच हिशेबाने हेक्टरी २२-२३ किलो, आणि पावसात अर्धाच मिलिग्रॅम धरला तरी ११ किलोच्या वर. युरोपातल्या मोजणीत असं दिसलं की वर्षाला हेक्टरी १० ते १५ किलोच्या पुढे मॉसमधला नायट्रोजन हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनबरोबर वाढेनासा होतो, आलेख सपाट होतो. मुंबईचा पाऊस फारसा घाण नसला तरी निव्वळ मापाने तो मॉसला या सपाटीच्या जवळ नेऊन ठेवतो. त्यामुळे युरोपातलं समीकरण उचलून ‘मॉसमध्ये इतके टक्के म्हणजे हेक्टरी इतके किलो’ असं गणित मांडणं चूक आहे. तुलना जागेची जागेशीच करायची.

कोणतं मॉस घ्यायचं

एकच जात, सगळ्या ठिकाणी. दोन जाती शेजारी-शेजारी वाढत असल्या तरी त्यांच्यातलं नायट्रोजनचं प्रमाण सारखं नसतं. मुंबईत कुंपणाच्या भिंती, काँक्रीटचे कठडे आणि गटारांची दगडी बांधणी यांवर सर्रास सापडणारी जात म्हणजे हायोफिला इन्व्हॉल्युटा. उंची जेमतेम सेंटिमीटरभर, रंग गर्द हिरवा. ओळखायला सोपी खूण अशी: सुकलेल्या झुबक्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून १० पट भिंगातून पाहायचं. कडा आत वळून नळीसारखी झालेली पानं बघता बघता उलगडून चांदणीसारखी पसरतात. बऱ्याचदा पानांच्या बेचक्यात बारीक ताऱ्यासारखे कणही दिसतात, त्यांतून नवं रोप उगवतं. तिच्याच शेजारी ब्रायम या दुसऱ्या मॉसच्या जाती असतात. त्यांची पानं सुकल्यावर अशी नळीसारखी गुंडाळत नाहीत, खोडाला घट्ट चिकटून राहतात. ज्या भिंतीवर दोन्ही गुंतलेल्या आहेत ती सोडून द्यावी. चिमट्याने वेगळं करत बसण्यात अर्धा दिवस जातो आणि तरी सरमिसळ राहतेच. हात लावल्यावर बुळबुळीत आणि सपाट लागणारा हिरवा थर मॉस नव्हे, तो एकपेशीय शैवालाचा. तो गोळा करायचा नाही, पण कुठे दिसला याची नोंद मात्र ठेवायची. का, ते पुढे येईल.

नमुन्यांच्या जागा

तबेल्यातून निघालेला अमोनिया पहिल्या काहीशे मीटरांतच झपाट्याने विरळ होतो, म्हणून समान अंतरावर बिंदू घेतले तर निम्मे वाया जातात. अंतर दुपटीने वाढवायचं: तबेल्याच्या कडेपासून ईशान्येला, म्हणजे वाऱ्याखाली, २५, ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मीटर. वाऱ्याच्या वरच्या बाजूला १०० आणि ४०० मीटरवर दोन. हायवेसाठी १०, ५० आणि १५० मीटर. आणि या सगळ्यांपासून शक्य तितकं लांब, जंगलाच्या बाजूला, तुलनेसाठी दोन.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात आरेतले तबेले विखुरलेले आहेत, एकाची वाऱ्याखालची बाजू म्हणजे दुसऱ्याची वरची बाजू. मधल्या तबेल्यापासून रेषा आखली तर २०० मीटरनंतर आकडे उतरायच्या ऐवजी पुन्हा चढतात आणि त्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून ईशान्य कडेचा, ज्याच्या पुढे दुसरा तबेला नाही, असाच तबेला निवडावा. गोरेगावहून पवईकडे जाणारा आरेतला रस्ताही विसरून चालत नाही. त्यावरची वाहतूक इतकी आहे की रेषा त्याला आडवी गेली तर मध्येच नवा स्रोत घुसतो.

राष्ट्रीय उद्यानातून चिमूटभर मॉसही परवानगीशिवाय उचलता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. आरेचाही काही भाग आता राखीव वन आहे. वन विभागाकडे अर्ज पावसाळ्याच्या पुष्कळ आधी गेला पाहिजे, कारण नमुना घेण्याची वेळ एकच आहे: सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. तोवर त्या हंगामाची वाढ पूर्ण झालेली असते आणि मॉस अजून हिरवं असतं. मोठ्या सरीनंतर निदान तीन कोरडे दिवस जाऊ द्यावेत आणि सगळे बिंदू एकाच आठवड्यात उरकावेत. आणखी एक घाई आहे ती दिवाळीची. सोसायट्या आणि सरकारी वसाहती याच दिवसांत भिंती खरवडून रंग काढतात. मागच्या वर्षी हेरून ठेवलेली भिंत यंदा पांढरीशुभ्र झालेली असते.

भिंत

मॉस हवेतूनच खातं हे जंगलातल्या गालिच्याबाबत बरंचसं खरं. भिंतीवरच्या झुबक्याला मात्र भिंतीतून झिरपणारं पाणीही मिळतं आणि त्या पाण्यात काय आहे यावर सगळा निकाल फिरतो.

पहिला गुन्हेगार लोणा. जुन्या चुन्याच्या किंवा विटांच्या भिंतीला ओल धरली की पांढरी खारट भुकटी वर येते. तिच्यात बऱ्याचदा नायट्रेट असतं. लोणा धरलेल्या भिंतीवरचं मॉस हवा कितीही स्वच्छ असली तरी नायट्रोजनने भरलेलं निघू शकतं. अशी भिंत बाद. दुसरं, सांडपाणी. वरच्या मजल्याच्या पाइपचा सांधा गळतोय, तबेला धुतलेलं पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचतंय, तर तिथलं मॉस हवेचा नव्हे, गटाराचा अहवाल देतं. आरेत हा धोका सर्वांत जास्त, कारण तबेल्याजवळच्या बहुतेक भिंतींच्या पायथ्याला शेणाच्या पाण्याची नाली असते. नालीच्या बाजूची नव्हे, रस्त्याच्या बाजूची, वरच्या टोकाची जागा घ्यावी.

तिसरं कबुतर. त्याच्या विष्ठेतल्या युरिक आम्लाचा पुढे अमोनिया होतो. ज्या कठड्यावर कबुतरं बसतात त्याखालच्या दोन मीटर रुंदीत काही घ्यायचं नाही. चौथं, भिंतीचा खालचा भाग. कुत्री आणि माणसं दोघांचंही मूत्र म्हणजे युरिया. भिंतीवर ओळीने देवांच्या टाइल्स लावल्या असतील तर तो भाग का टाळायचा हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. जमिनीपासून १ मीटरच्या वर आणि दीड मीटरच्या खाली एवढाच पट्टा घ्यावा. पाचवं, झाड. पानांवर साठलेली धूळ धुऊन खाली येते, त्यामुळे झाडाखालचा पाऊस उघड्यावरच्या पावसापेक्षा वेगळा असतो. आरेत झाडं सगळीकडे आहेत, तरी फांदीच्या टोकापासून निदान ३ मीटर बाजूला सरकावं. खोडावरचं मॉस तर वेगळाच विषय आहे, खोडावरून ओघळणारं पाणी सगळ्या झाडावरचं एकवटून आणतं.

मग उरतं काय? सिमेंटचा, फार जुना नसलेला, ओल न झिरपणारा, आकाशाला उघडा कठडा किंवा भिंतीचा माथा. शंका राहिली तर मॉस काढलेल्या जागेची १ ग्रॅम भुकटी खरवडून थोड्या डिस्टिल्ड पाण्यात हलवायची आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी नायट्रेटची पट्टी बुडवायची. पट्टी रंगली की ती भिंत यादीतून गेली. ही तपासणी ढोबळ आहे, पण सगळ्या अभ्यासात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हीच.

गोळा करण्यापासून आकड्यापर्यंत

प्रत्येक बिंदूवर ५० मीटरच्या आत तीन वेगवेगळ्या भिंती, प्रत्येक भिंतीवरून पाच झुबके, आणि त्या पाचांचा मिळून एक नमुना. तिन्ही भिंती मात्र वेगवेगळ्या ठेवायच्या, एकत्र करायच्या नाहीत, कारण एकाच बिंदूवरच्या तीन भिंतींत जर दोन बिंदूंइतकाच फरक असेल तर नकाशा काढण्यात अर्थ नाही, आणि हे एकत्र केलेल्या नमुन्यातून कधीच कळत नाही. तबेल्याच्या अगदी जवळच्या बिंदूंना ही ५० मीटरची सूट नाही. तिथे तिन्ही भिंती शक्य तितक्या एकाच अंतरावर हव्यात.

हातात पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे. झुबका प्लास्टिकच्या पात्याने उचलायचा, खाकी कागदाच्या पाकिटात घालायचा. बंद प्लास्टिक पिशवी नको. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यात दोन दिवसांत बुरशी येते आणि कुजताना नायट्रोजन कमी-जास्त होतो. प्रयोगशाळेत कात्रीने फक्त वरचा ३ ते ५ मिलिमीटर हिरवा भाग घ्यायचा. खालचा तपकिरी भाग आणि त्यात अडकलेली माती टाकून द्यायची. वेळखाऊ काम हेच, आणि कंटाळून इथे हात सैल पडला की पुढचं सगळं फुकट. पाण्यात भिजवून धुवायचं नाही, भिजवल्यावर विरघळणारा अमोनियम निघून जातो. रस्त्याकडेच्या नमुन्यांत धूळ फारच असेल तर अर्धा भाग तसाच आणि अर्धा काही सेकंद डिस्टिल्ड पाण्यात खळबळून, अशी जोडीने तपासणी करावी. फरक किती पडला ते लिहून ठेवावं.

वाळवण ४० अंश सेल्सियसला, वजन स्थिर होईपर्यंत. मग खलात बारीक पूड. थोडी पूड ५५० अंशांवर जाळून राख मोजावी. ज्या नमुन्याची राख बाकीच्यांच्या दुप्पट निघाली त्यात माती आहे, आणि मातीने टक्केवारी खाली ओढली जाते. तो पुन्हा निवडावा.

नायट्रोजनसाठी दोन वाटा आहेत. आयआयटी मुंबईच्या सॅफसारख्या, म्हणजे विश्लेषणाची उपकरणं असलेल्या, केंद्रात कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन विश्लेषक असतो, त्याला काही मिलिग्रॅम पूड पुरते. पण इतक्या थोड्या पुडीत सगळा नमुना यायचा तर ती खरोखर पिठासारखी हवी. दुसरी वाट केल्डाल, म्हणजे नमुना आम्लात तापवून त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजण्याची पद्धत, जी अनेक कॉलेजांत आणि माती-खाद्य तपासणीच्या प्रयोगशाळांत असते. नेहमीच्या केल्डालमध्ये नायट्रेटच्या रूपातला नायट्रोजन पकडला जात नाही, आणि आपल्याला हायवेकडून येणारा तोच हवा आहे. म्हणून सॅलिसिलिक आम्ल घातलेली सुधारित पद्धत मागावी: सल्फ्युरिक आम्लात सॅलिसिलिक आम्ल, नमुना घालून अर्धा तास थंड ठेवणं, मग सोडियम थायोसल्फेट आणि त्यानंतर तापवणं. प्रयोगशाळेने आपणहून ही पद्धत वापरली असेल असं गृहीत धरू नये.

हिशेब सोपा आहे. समजा ०.५ ग्रॅम पुडीला ०.०५ नॉर्मल आम्ल ९.२ मिलिलिटर लागलं आणि कोऱ्या, म्हणजे नमुना न घालता केलेल्या, चाचणीला ०.२. तर ९.० × ०.०५ × १.४ ÷ ०.५ = १.२६ टक्के (१.४ हा आम्लावरून नायट्रोजनचे टक्के काढायचा ठरलेला गुणक). दर तुकडीत एक कोरी चाचणी आणि एक ग्लायसिनची. ग्लायसिनमध्ये १८.६६ टक्के नायट्रोजन असतो. त्यातला ९८ टक्क्यांहून कमी परत मिळाला तर आम्लात तापवताना किंवा ऊर्ध्वपातनात कुठेतरी नायट्रोजन हातचा जातोय आणि ती तुकडी ग्राह्य नाही. जमल्यास तीन-चार बिंदूंवर नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया शोषणाऱ्या निष्क्रिय नळ्याही पावसापासून आडोसा करून लावाव्यात. मॉसच्या टक्क्यांना हवेतल्या प्रत्यक्ष मापाची जोड मिळते.

आकडे वाचताना

तबेल्यापासून लांब जावं तसे टक्के उतरत गेले आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला ते कमीच राहिले, तर गोष्ट सरळ आहे. पण सगळीकडे सारखेच जास्त आले तर ‘प्रदूषण सर्वत्र’ असं लिहून मोकळं होऊ नये. मॉस सपाटीला पोचलं असण्याची शक्यता तितकीच आहे.

आणि सर्वांत जवळच्या, २५ मीटरच्या बिंदूवर टक्के कमी निघाले किंवा हायोफिला सापडलंच नाही, तर तो बिंदू गाळू नये. वायुरूप अमोनिया मॉसला भाजतो. स्कॉटलंडमधल्या व्हिम बॉग या दलदलीत २००२ पासून चाललेल्या प्रयोगात दिसलं की नायट्रोजनची मात्रा सारखी ठेवली तरी कोरड्या अमोनियाने मॉसचं आणि दगडफुलाचं नुकसान पावसातल्या अमोनियमपेक्षा कितीतरी लवकर होतं. अशा जागी झुबक्यांची जागा बुळबुळीत शैवाल घेऊ शकतं. वर ज्याची नोंद ठेवायला सांगितलं ते यासाठी. इथे एक तफावतही ध्यानात घ्यावी. भारताच्या २००९ च्या मानकांत अमोनियाची वार्षिक मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. मॉस आणि दगडफुलासाठी युरोपात धरलेली धोक्याची पातळी १ मायक्रोग्रॅम आहे. मापनकेंद्राचा आकडा मर्यादेत आहे म्हणून जंगलाच्या काठावरच्या मॉसला काही होत नसेल, असा निष्कर्ष निघत नाही.

टक्क्यांवरून स्रोत ठरत नाही. त्यासाठी निवडक आठ-दहा नमुन्यांत नायट्रोजन-१५ आणि नायट्रोजन-१४ या समस्थानिकांचं गुणोत्तर तपासावं लागतं. मुतातला अमोनिया उडताना हलका नायट्रोजन-१४ आधी निसटतो, त्यामुळे अमोनियावर वाढलेल्या मॉसमध्ये नायट्रोजन-१५ साध्या हवेतल्या नायट्रोजनपेक्षा कमी, म्हणजे मूल्य उणे येतं. लंडनमध्ये वाहत्या रस्त्यांजवळचं मॉस अधिक बाजूला आणि ग्रामीण भागातलं उणे बाजूला निघालं होतं. चीनमधल्या ग्वेयांगमध्ये उलट झालं, शहराच्या मध्यातलंच मॉस ठळक उणे, कारण तिथे सांडपाण्याचा आणि मलमूत्राचा अमोनिया वाहनांच्या धुरावर मात करून होता. मुंबई यांपैकी कोणाच्या जवळची, याचा अंदाज बांधून ठेवू नये. शिवाय हायवेही आता निव्वळ ऑक्साइडांचा राहिलेला नाही. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या त्रिमार्गी उत्प्रेरकातून, म्हणजे धूर साफ करायला बसवलेल्या भागातून, थोडा अमोनिया बाहेर पडतो आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल ट्रक-बसमध्ये ऑक्साइडं मारायला युरियाचंच द्रावण फवारतात. हायवेकडेचं मूल्य थोडं उणे आलं म्हणजे तबेल्याचा अमोनिया उलट्या वाऱ्याने तिथवर पोचला असं नव्हे. वाऱ्याच्या वरच्या बाजूचे दोन बिंदू काय म्हणतात ते आधी पाहावं.

एखादाच बिंदू ओळीत न बसता उंच उडाला तर कारखान्याचा किंवा कचऱ्याच्या जाळाचा तर्क करण्याआधी पुन्हा त्या भिंतीशी जावं आणि वर पाहावं. कबुतरं, पाइपचा सांधा, लोणा, नुकतंच कोणी कुंड्यांना घातलेलं खत, याच क्रमाने. हवेचा नंबर त्यानंतर.

उरलेली पूड काचेच्या बाटलीत, कोरडी, अंधारात ठेवावी. भिंतीचं ठिकाण, उंची, दिशा आणि माथा की उभा पृष्ठभाग याची नोंद बाटलीवरच असावी. पुढच्या सप्टेंबरात त्याच भिंतींचे नमुने तपासताना जुन्या पुडीतले चार-पाच नमुने त्याच तुकडीत पुन्हा चालवले, तर बदल हवेत झाला की प्रयोगशाळेत, हे वेगळं करता येतं.